उदबत्तीची परीक्षा

उदबत्तीला घाबरतो म्हटलं तर हसाल, पण ऐका.

आमचा कदम चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे माल तपासून पास-नापास करायला. राव, या माणसानं रहाटणीच्या वन रूम किचनमध्ये स्वतःच्या हातानं स्पीकरचे लाकडी डबे बनवलेत! दर रविवारी तो प्लायवूड कापायचा, मी गोंद लावायचो.

डबे झाले, स्पीकर बसले, गाणं लागलं. तर हा पेटती उदबत्ती घेऊन सांध्यांवरून फिरवायला लागला. त्याच्या आईनं हात जोडले.

"आई, पूजा नाही गं. डब्यातनं हवा कुठून सुटतीये का बघतोय, सुटली की आवाज बिघडतो."

एका कोपऱ्यावर धूर हलला. कदमनं शांतपणे विचारलं, "हा कोपरा कोणत्या शिफ्टचा?"

काम करणारे आम्ही दोघंच, आणि हा शिफ्ट विचारतोय!

मी म्हणालो, "वाजतंय की मस्त. कुणाला कळणारे, भावा?"

"आपल्याला कळलंय ना," म्हणाला, आणि डब्यावर कंपनीसारखी लाल पट्टी चिकटवली. रिजेक्ट!

पुढच्या रविवारी मी तो कोपरा खरवडून पुन्हा जोडला. उदबत्ती फिरली. धूर सरळ वर गेला.

या वेळी आईच्या शेजारी मीही हात जोडून उभा होतो.