देवीच्या पायातली चप्पल

कामशेतच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या केरबाआबाला मोतीबिंदूमुळे शेजारच्या दोघी बाया धूसर दिसत होत्या, पण त्यांचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं.

"आक्काबाई, चप्पल घातलेल्या देवीचं चित्र तुज्या पोरानं, सुहासनंच काढलं व्हतं ना गं?"

"कुटली चप्पल, अंबू? भातलावणीला उतरलेली देवी काढली त्यानं, माजे पाय बघून. घोट्यापत्तुर चिखल व्हता."

"मग चप्पल आली कुटनं?"

"परंदवडीच्या कुना म्हाताऱ्यानं पारावर सांगितलं म्हनं. 'म्या डोळ्यानं पाहिली, लाल पट्ट्याची, वर दुकानाचं नावबी व्हतं!'"

"दुकानाचं नावबी?"

"आदी लोकं हसली, मग चिडली. भर दुपारी घरात शिरून चित्र जाळलं."

"नीट बघितलं न्हाई व्हय कुनी?"

"जळताना बघितलं. येकजन म्हनला, आरं, ह्यो तर चिखल हाय."

"अन् सुहास?"

"रंग माळ्यावर टाकलं. कंपनीत जातो. घरात कुनाशी बोलत न्हाई."

केरबाआबाने लाल पट्ट्याच्या चपलांतले आपले पाय हळूच बाकाखाली ओढले.

"आबा, तुमी कुटलं?" आक्काबाईने विचारलं.

"मी? मी इंदुरीचा."

तेवढ्यात आतून नर्सबाईची हाक आली, "केरबा, परंदवडी! आहेत का परंदवडीचे केरबा?"

बाकावर पुरुषमाणूस म्हणजे एकटा आबाच होता. तो मान खाली घालून बसून राहिला.

नर्सबाईने पुन्हा हाक मारली.

"उठा आबा," आक्काबाई म्हणाली. "डोळं दावून या."