पंपघराच्या फाट्यावरचा डावा बाण

मी, सायकलवाला, बाजारात व गटात ‘पंक्चरशेठ’ या नावाने परिचित, वय ४९ वर्षे, धंदा सायकल विक्री व दुरुस्ती, राहणार बसथांब्यासमोर, दुकानाच्या वरचा मजला, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व वडील (वय ७६) यांच्यासह राहतो. माझी धाकटी बहीण, वय ३८, शेजारच्या गल्लीत राहते व औषधांचे दुकान चालवते. दर रविवारी सकाळी आमचा सायकलस्वारांचा गट शहराबाहेर शेतांमधल्या रस्त्यांनी फिरायला जातो. त्या बाजूला चढ नाही, झाड नाही, रहदारी म्हणजे एखादा ट्रॅक्टर. फक्त वारा असतो, आणि तो समोरून आला की घाट परवडला असे वाटते. हे रस्ते वडिलांनी तरुणपणी एकट्याने हिंडून शोधलेले आहेत. गुडघे गेल्यापासून ते सायकल चालवत नाहीत, स्कूटरवर फिरतात. गटाच्या कारभारात मात्र नाक खुपसतात.

शनिवारी मी मार्ग ठरवतो आणि प्रत्येक फाट्यावर डांबरावर पिवळ्या रंगाने बाण काढतो. गटाचा नियम असा की सर्वांत पुढच्याने बाण बघायचा, मागच्यांनी फक्त पुढच्याचे चाक बघायचे. बाण दिसला की वळायचे, वाद घालायचा तो चहाच्या वेळी. माझी बहीण नेहमी पुढे असते, कारण ती आमच्यात सगळ्यांत दमदार आहे. मी शेवटी असतो. पंक्चर काढणे व मागे पडलेल्यांना हाकणे हे माझे काम आहे.

घटनेच्या रविवारी ठरलेला मार्ग पंपघराच्या फाट्यावरून सरळ जाणारा होता. शनिवारी दुपारी मी स्वतः तेथे सरळ बाण काढला होता. परंतु बहिणीने डावीकडे हात दाखवला, पुढून मागे सगळ्यांनी तसाच हात दाखवला आणि आम्ही कालव्याच्या कडेच्या जुन्या वाटेला लागलो. मला नवल वाटले, पण मी शेवटी असल्याने ओरडून उपयोग नव्हता. वळताच वारा पाठीवर आला व वेग वाढला. थोड्या वेळाने पुढे आरडाओरडा झाला. वाटेवर आडवा चर खणलेला होता. बहिणीची सायकल चरात गेली व ती पलीकडच्या काठावर आदळली. तिच्यामागच्या दोघांचे खरचटण्यावर निभावले. तिचे कमरेचे हाड मोडले आहे. ती नीट चालू शकेल की नाही हे डॉक्टर आज सांगत नाहीत.

सदर चर शेजारच्या गोठेवाल्याने पाण्याचा पाइप टाकण्यासाठी खणला होता. त्याने गोठ्याच्या बाजूने काटेरी फांद्या टाकल्या होत्या. आमच्या बाजूने काहीही टाकले नव्हते. विचारले तर म्हणाला, “तिकडनं कोण येतंय?”

गोठेवाल्याशी आमचे जुने वाकडे आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने ती वाट आपल्या जमिनीतली असल्याचे सांगून आम्हाला अडवले. आमच्या घंट्यांना त्याच्या म्हशी बुजतात अशी त्याची तक्रार होती. मी म्हटले, कशाला नसती कटकट, आणि मार्ग सरळ रस्त्याने वळवला. मागच्या हिवाळ्यात माझ्या एका बाणावर शेण थापलेले होते. ते त्यानेच थापले अशी माझी खात्री आहे, त्याने नाकारले तरी.

मी स्वभावानेच संशयी आहे. गिऱ्हाईक म्हणाले की हवा आपोआप गेली, तर मी आधी खिळा शोधतो. त्यामुळे बहिणीला रुग्णवाहिकेत घातल्यावर मी उलटा फाट्यावर गेलो. माझ्या सरळ बाणावर काळे ग्रीस फासलेले होते आणि बाजूला डावीकडे वळणारा नवा पिवळा बाण होता. गोठ्यात चारा कापायचे यंत्र आहे, म्हणजे ग्रीस आहे. मी तडक गोठ्यात जाऊन गोठेवाल्याची कॉलर धरली. तो म्हणाला, “मी कशाला बाण काढू? तुम्ही येऊ नये म्हणून तर भांडलो.” मी त्याचे ऐकून घेतले नाही. त्यानेच आम्हाला मुद्दाम चरात पाडले असे मी हवालदारांना सांगितले. माझ्या सांगण्यावरून त्याला आणले व तो तेव्हापासून आपल्या ठाण्यात आहे.

गटातल्या लोकांनी मात्र डावा बाण पाहिलेला नाही, कारण ते नियमाप्रमाणे पुढचे चाक बघत होते. इस्पितळाच्या जिन्यात शिंपी व विमावाला यांची कुजबुज मी ऐकली की पाठीवर वारा घेऊन वेग मारायला म्हणून बाईंनीच परस्पर रस्ता बदलला. मी त्यांना दोन शब्द सुनावले. ते शब्द जबाबात लिहिण्यासारखे नाहीत.

आज सकाळी हवालदार पाहणीसाठी मला सोबत घेऊन गेले. फाट्यावरचे दोन्ही बाण मी दाखवले. नंतर आम्ही डाव्या वाटेने चालत गेलो. वळणाच्या पुढे मला तिसरा बाण दिसला, जो रविवारी माझ्या लक्षात आला नव्हता. बाणाखालची धूळ आधी झाडून काढलेली होती. वळण संपल्यावर असा आणखी एक बाण काढतात, म्हणजे आपण बरोबर वळलो ही स्वाराची खात्री पटते. आम्ही त्याला खात्रीचा बाण म्हणतो. पाडणाऱ्या माणसाला फाट्यावरचा बाण पुरे होता. पुढच्या स्वाराला धीर द्यायची त्याला काय पडली होती?

त्या बाणाची रेघ रुंद असून शेपटाकडे रंगाचे थेंब सांडलेले होते. बसून बाण काढला की थेंब सांडत नाहीत. ब्रश काठीला बांधून उभ्याने काढला की सांडतात. आमच्या घरी असा ब्रश आहे. वडिलांना बाण काढताना वाकता येत नाही म्हणून तो मी स्वतः काठीला बांधून दिला होता. मी हवालदारांना यातले काही सांगितले नाही. ऊन लागले असे सांगून मी कालव्याच्या कठड्यावर बसलो.

घरी आल्यावर वडील स्वयंपाकघरात एकटे जेवत होते. पत्नी इस्पितळात होती. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

मी विचारले, “बाबा, फाट्यावर डावा बाण कुणी काढला?”

ते म्हणाले, “तीन वर्षं त्या वाटेनं कुणी गेलं नाही. आपणच जायचं सोडलं तर वहिवाट कसली सांगणार? तू तर शेपूट घातलंस.”

मी म्हटले, “चर होता तिथे.”

“मी शनिवारी चारला गेलो तेव्हा नव्हता. वाट मोकळी होती. मी शेवटपर्यंत बघून आलो.”

त्यांनी ताट बाजूला सारले. मग म्हणाले, “खड्डा त्यानं खणला. त्यानंच निस्तरावं. तू बाणाचं बोलू नकोस. पोरीला तर अजिबात कळता कामा नये.” मला त्यांचा राग आला व तो अजून आहे. त्यांना तसे टेबलापाशी सोडून निघताना जिवावरही आले.

तेथून मी इस्पितळात गेलो. बहीण शुद्धीवर आहे. गटातले कोणीतरी येऊन तिला काहीबाही बोलून गेले असावे. तिने विचारले, “दादा, बाण होता ना रे? की मला तसं वाटलं? माझ्यामागे दोघं पडले.” मी म्हटले, “झोप आता.” तिने तोंड भिंतीकडे केले. मी खाली येऊन सायकल काढली व घरी न जाता सरळ येथे आलो.

गोठेवाल्याने चर उघडा ठेवला, त्याबद्दल त्याला काय विचारायचे ते आपण विचारावे. बाण त्याने काढलेला नाही. त्याबाबत मी रविवारी सांगितले ते चुकीचे आहे. त्याला या कारणासाठी आणखी बसवून ठेवू नये.

आपला कोणावर संशय आहे काय, असे मला विचारण्यात आले. संशय कोणावरही नाही. माझ्या सरळ बाणावर ग्रीस फासून डावा बाण व त्यापुढचा खात्रीचा बाण माझ्या वडिलांनी काढला, असे त्यांच्याच बोलण्यावरून मी सांगत आहे. कोणाला इजा व्हावी असे त्यांच्या मनात नव्हते. पुढे बहीण असते, हे त्यांना माहीत होते.

जबाब लिहिणाऱ्या अंमलदारांना माझी एकच विनंती आहे. बाण होता आणि माझी बहीण बरोबर वळली, हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहावे व त्याची एक नक्कल मला द्यावी. आज संध्याकाळी मला ती तिच्या हातात द्यायची आहे.

बाण होता. माझी बहीण बरोबर वळली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे. वडिलांचा उल्लेख ठेवायचा का, असे मला पुन्हा एकदा विचारले. ठेवावा, असे सांगून मी खाली सही करत आहे.