द्विसदनी म्हणजे काय, एका ओळीत

एका ओळीत कसं सांगू? तुमीच सांगा! सारी नोकरी एकोडीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, मधुकर गुरुजी म्हनतात मले, अन् नात फोनवर म्हनते, ‘आजोबा, एका ओळीत सांगा!’

झालं असं... बायको आनंदाबाई पुण्याले पोराकडं गेली, ‘सुनेची नोकरी हाय, चार दिवस राहून येते’ म्हनून. ते चार दिवस दिवाळीपासून चालूनच राहिले! घरात मी एकटा. भात मीच मांडतो, मीच जेवतो, मीच म्हनतो, मीठ कमी हाय! अन् परवा फोन वाजला. नात कामिनी! ‘आजोबा, द्विसदनी म्हणजे काय? उद्या पेपर आहे.’ अहो, किती वर्षांनी मले कोणी काई विचारलं! चष्मा लावला, खुर्ची ओढली, गळा साफ केला... ‘बेटा, जिथं कायदे करणारी सभागृहं दोन असतात...’ तर म्हनते, ‘म्हणजे आमची दोन खोल्यांची सदनिका द्विसदनी का?’ म्हटलं, ‘नाई वो माय! दिल्लीत लोकसभा अन् राज्यसभा, आपल्या राज्यात विधानसभा अन् विधान परिषद, हे द्विसदनी. बाजूच्या मध्य प्रदेशात नुसती विधानसभा, ते एकसदनी...’ ‘आजोबा, एका ओळीत!’ अन् दोन सभागृहं कायले पायजेत, या मुद्द्यावर मी येतो न येतो, तर ‘थँक्यू!’ अन् फोन बंद! मी आपला बंद फोनलेच शिकवून राहिलो... एका ओळीत कसं सांगू?

उरलेला धडा पोटात ठेवून चहा तरी जाते का घशाखाली? शेजारच्या देवाजीले अंगणात बसवलं, चहा पाजला, पहिल्यापासून सांगितलं. देवाजी म्हनते, ‘पन गुरुजी, एक सभा हाये, तर दुसरी कायले?’ म्हटलं, ‘पहिलीनं घाईत काई केलं, तर दुसरी म्हनते, थांब जरा, पुन्हा इचार कर.’ देवाजीनं अंगणातल्या खुंटाकडं पाहिलं. आंबा होता तिथं. पाला झाडून झाडून कंबर गेली, म्हनून गेल्या आठवड्यात मी तोडून टाकला.

‘थांबा म्हनायले कोणी नवतं ना घरात,’ देवाजी हळूच म्हने.

माह्या हातातला चहा गार झाला हो...

लावला फोन आनंदाबाईले. म्हटलं, ‘आंबा तोडला मी.’ मंग म्हनते, ‘आता मी तांदूळ निवडाले कुठं बसू?’ म्हंजे येनार हाये! म्हटलं, ‘येनार कधी?’ तर म्हनते, ‘इचार करून सांगते.’

आता तुमाले सांगतो, वरच्या सभागृहानं विधेयक किती दिवस अडवून ठेवायचं, याले घटनेत मर्यादा हाये... आनंदाबाईसाठी तसं कलमच नाई बाप्पा!