बिघडत नाही, हीच तक्रार

— नाही नाही, रंगाचं सोडा हो. रंग काय चाटायचाय? मी विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय! मी विचारलं, या कॉम्प्युटरांच्या रांगेत भरवशाची कंपनी कोणती. तुम्ही म्हणालात, 'काका, सगळ्याच चांगल्या आहेत.' आता मला सांगा, सगळेच चांगले असं जगात कुठं असतं का? मी पाण्याचे पंप तपासण्यात उभा जन्म घालवलाय — कारखान्यातलं शेवटचं टेबल माझं, माझ्यापुढे नुसता खोका आणि ट्रक. माझी खडूची फुली पडली की पंप माघारी. मॅनेजर स्वतः खाली यायचा, गयावया करायचा, आज माल गेलाच पाहिजे म्हणायचा — मी म्हणायचो, जाऊ दे की साहेब, तुमच्या सहीनं जाऊ दे. सही करायची छाती कुणाची नव्हती. मागून नापासराव म्हणायचे मला. म्हणू देत. माझा पंप कुणाच्या विहिरीवर बंद पडला नाही. तेव्हा मला 'सगळ्याच चांगल्या' ऐकवू नका. तुमच्या गळ्यातल्या पट्टीवर काय लिहिलंय? 'मला विचारा'. मग विचारतोय ना!

हा काळा चालू करा बरं जरा. हां. आता तो वरचा एसी थोडा — नाही होणार बंद? बरं, राहू दे. सरका थोडे. — अहो घाबरू नका, स्क्रू ड्रायव्हर आहे, सुरा नाही. उघडत नाहीये मी काही. टोक इथं पंख्याच्या जाळीला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बस. बेअरिंगमध्ये खोट असली की आतून बोलते. माणूस खोटं बोलेल, बेअरिंग बोलत नाही. — त्या बाई अशा का बघताहेत? सांगा त्यांना, काका वेडे नाहीत, गिऱ्हाईक आहेत. — हं. ह्याच्यात किंचित घरघर आहे. नवा कोरा, आणि घरघर! नाव मोठं लक्षण खोटं. आमच्या घरातला तर — ते जाऊ दे.

काम काय करणार त्याच्यावर? काम कसलं, बोलायचं. रविवारी सकाळी मुलगी दिसते त्यात. ती आणि तिची आई बोलतात. मी नसतो. म्हणजे असतो, त्याच खोलीत असतो, पण पेपर वाचत असतो — ती कॅमेऱ्याची जी भोकाएवढी काच असते ना, तिच्या बाजूला, खुर्ची अशी थोडी आडवी टाकून. मुलगी आईला विचारते, बाबा कुठायत? आई म्हणते, पेपरात आहेत. आता एवढा पेपर कुणी वाचतं का, पण वाचावा लागतो. — हो मग, आहेच की घरात कॉम्प्युटर. त्याशिवाय ती दिसते कशात, पातेल्यात? — नाही हो. बिघडला नाही. बिघडत नाही मेला, तीच तर बोंब आहे!

हसताय काय? तुम्हाला कळायचं नाही. तो कंपनीचा नाही ना. असेंबल केलेला आहे. सुटे भाग आणून टेबलावर जोडलेला. वर ना नाव, ना शिक्का, ना कागद. आणि कुणी जोडला? जावईबापूंनी! हां, तोच धंदा त्याचा. एका गाळ्यात टेबल टाकून मशिनी जोडतो. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी रीतसर विचारलं, काय करता? म्हणाला, कॉम्प्युटर बनवतो. मला वाटलं, कंपनीत आहे. कुठली कंपनी? म्हणाला, माझीच. किती माणसं? म्हणाला, सध्या मीच. आणि हसला. अहो, मुलगी मागायला आलायस आणि हसतोस? घरचं विचारलं, तर तिथंही तेच — लहानपण मावशीकडे, शाळा मामाकडे, पुढचं शिक्षण कुठल्या तरी वसतिगृहात. म्हणजे माणूससुद्धा सुट्या भागांचा! मी म्हटलं तोंडावर — मी मागून बोलत नाही कधी — म्हटलं, तुमच्या मशिनीही सहा महिने टिकणार नाहीत आणि हेही सहा महिने टिकणार नाही. हे म्हणजे काय ते त्याला कळलं. मुलगी उठली आणि आत गेली. तो मात्र चहा पूर्ण पिऊन, कप आत नेऊन ठेवून मग गेला. ते मला आवडलं नव्हतं. म्हणजे — कप नेऊन ठेवला, तो मोरीत नाही ठेवला, धुऊन ठेवला. फुली मारायला जागा ठेवत नाहीत काही माणसं.

लग्न? झालं की. मी नव्हतो गेलो. ताप होता. — खरंच होता हो. थोडा होता.

आणि मग एक दिवस टेम्पोतून हा डबा आला. हिच्या नावानं, माझ्या नाही. हिनं शिलाई मशीनच्या टेबलावरचे कपडे खाली काढले आणि हा वर बसवला. मी म्हटलं, ठेव, ठेव, सहा महिन्यांनी तू स्वतःच भंगारात देशील. सहा महिने झाले, चालतोय. वर्ष झालं, चालतोय. वीज जाते येते, पाल आत शिरून बसली एकदा, हिनं फडक्यानं पुसताना पाणी सांडलं — चालतोय! रोज सकाळी मी ह्याच स्क्रू ड्रायव्हरनं ऐकतो. ही उठायच्या आत. काही नाही. एकसारखा आवाज. इतक्या वर्षांत एक फुली मारायची संधी दिली नाही त्यानं मला.

आता तुम्ही म्हणाल, काका, मग चाललंय ते चालू द्या, नवा कशाला? सांगतो. ह्या रविवारी दोघं येताहेत. प्रत्यक्ष. घरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलीनं आईला सांगितलं आणि आईनं मला, मी पेपर वाचत होतो तेव्हा. आता तो येणार, बसणार, समोर बघणार — आणि समोर काय? त्याचाच डबा, वर हिनं विणलेलं कव्हर घालून, मखरात बसवल्यासारखा! तोंड कुठं लपवू मी? म्हणून म्हटलं, शनिवारच्या आत एक चांगला कंपनीचा आणून ठेवावा, आणि तो डबा माळ्यावर. आला की म्हणायचं, हो, तुमचा होता पूर्वी, बरा होता. संपलं. ही काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. म्हणाली, न्यायचा तर न्या माळ्यावर, पण मी नाही हात लावणार, आणि तो आल्यावर मी सांगणार की रोज सकाळी उठून त्याला कान कोण लावतं. — म्हणजे हिला माहीत होतं!

तर सांगा आता नीट. हा निळ्या खोक्यातला — ह्याचं आतलं सगळं कंपनी स्वतः बनवते ना? — काय? — पंखा बाहेरचा? बोर्ड? — बरं, मेमरी तरी? — थांबा, थांबा. म्हणजे निळ्या खोक्यातला, त्या पलीकडचा आणि तो महागातला, तिन्हींचंही आतलं सामान बाहेरून येतं, आणि हे लोक फक्त जोडतात? मग वरचं नाव कशाचं? — जोडल्याचं. वा! वा रे वा! म्हणजे ह्यांनी जोडलं तर ब्रँड, आणि आमच्या जावयानं जोडलं तर — अहो तुम्ही इतके स्पष्ट का बोलता? दुकानात उभं राहून असं बोलतात का गिऱ्हाइकाशी?

बरं, ते जाऊ दे. बिघडला तर? भरवसा म्हणजे शेवटी तोच ना, बिघडल्यावर येणार कोण. — नंबर आहे? शेजारच्यांकडे आहे कंपनीचा, तोच नंबर असणार. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग संगीत. शेजाऱ्यांना ते संगीत पाठ झालंय, भाजी चिरताना गुणगुणतात. माणूस आला तो नवीन, पुढच्या वेळचा आणखी नवीन, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे मी हिला म्हणतो, सांग तुझ्या जावयाला, आवाज येतोय त्याच्या डब्यातून. — नसतो येत. पण सांगायला काय जातं? ही फोन लावते, स्पीकरवर टाकते. तो लगेच विचारतो, टकटक येतेय का घरघर? सुरू केल्यावर की तापल्यावर? बरोबर विचारतो हो, हाच क्रम असतो. मी इकडून हिला म्हणतो, सांग, तापल्यावर. ही सांगते. तो म्हणतो, त्यांना म्हणावं, जाळीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकून बघा. अहो, मी चमकलोच! हे ह्याला कुणी सांगितलं? मुलीनं सांगितलं असणार, दुसरं कोण. तर असं आमचं चालतं दर आठवड्याला, हिच्यामार्फत. त्याच्याशी बोलत नाही मी. तक्रार असते ती. तक्रार करायला बोलावं लागतं, एवढंच.

— थांबा हं, फोन आलाय. हिचाच आहे. — हां, बोल. — दुकानातच आहे. — नाही घेतला अजून, बघतोय. — कुणाचा फोन आला होता? — मग? — काय विचारत होता? — मशिनची काय तक्रार आहे? येताना सामान घेऊन येतो म्हणाला? कुठलं सामान? — परत सांग. काय म्हणाला नेमकं? 'बाबांची' काय तक्रार आहे? बाबांची म्हणाला? कुणाचे बाबा? — हां, तिचे. तिचे बाबा, असंच म्हणायचं असेल त्याला. — नुसतं बाबा म्हणाला? — बरं. बरं. ऐकतोय मी. — तू काय सांगितलंस? काहीच तक्रार नाही? अगं, तुला कुणी सांगितलं होतं तसं सांगायला! फोन कर परत. सांग, आहे. मोठी आहे. आल्यावर दाखवतो म्हणावं. — काय ते मी बघतो. ठेव तू.

ऐकलंत? ह्या बायकांना खरं बोलायची कोण घाई! तक्रारच नाही म्हटल्यावर तो येऊन करणार काय? मुलगी आणि तिची आई स्वयंपाकघरात जाणार, त्यांचं संपणारच नाही. बाहेर आम्ही दोघं. मी म्हणणार, बसा. तो बसणार. पुढे? तो माझ्याकडे बघणार, मी त्याच्याकडे, आणि मध्ये ते सहा महिने. काही तरी उघडून बसायला नको का दोघांनी? पण उघडायचं काय, कपाळ? त्या डब्यात काही बिघडलंच नाहीये!

— हो, बंद करा तो निळा. नको मला. राहू दे तिथंच. एक सांगा, माऊस आहेत का तुमच्याकडे? सुटे. — नाही, चांगल्यातला नको. सगळ्यात बेभरवशाची कंपनी कोणती? असं काय बघताय, सरळ मराठीत विचारतोय. ज्याचे सगळ्यात जास्त परत येतात तो. — हा? बघा, आता कसं झटकन उत्तर आलं! मघाशी सगळ्याच चांगल्या होत्या. आणा इकडे. हलका आहे. छान. बटण? हं, आत्ताच अडकतंय. कधी बंद पडेल? — तसं सांगता येत नाही काय, अंदाजे हो. शनिवारी संध्याकाळी पडला तर उत्तम. नाहीच पडला तर मी आहे.

— कळेल ना! लगेच कळेल त्याला, ही वस्तू आपली नाही म्हणून. कळू दे. विचारेल, हे काय आणलंत, माझा चांगला माऊस कुठाय? मग मी काही तरी म्हणेन, तो काही तरी म्हणेल, चिडला तर उत्तमच, कारखान्यात आमची सगळी दोस्ती भांडणातूनच झाली. त्याचा माऊस तोवर माझ्या खिशात असेल. देईन काढून, पण लगेच नाही देणार.

गॅरंटी? ह्याला गॅरंटी आहे? नको, नको, तो कागद फाडा. बदलून द्यायला कुणी घरी यायला नको. आमचा माणूस आहे. — पिशवी कशाला, खिशात मावतो. व्हा बाजूला, त्या बाई कधीच्या खोळंबल्यात. त्यांना तरी घरघर करणारा देऊ नका.