सिद्धूची सकाळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्यसाहेब, वेळात वेळ काढून आलेले आमच्या संस्थेचे वडीलधारे आदरणीय आण्णा, मानपत्राचं वाचन करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम, माझे सहकारी प्राध्यापक, प्रयोगशाळेतले आणि कार्यालयातले सगळे सोबती, आणि कडक ऊन असूनही पंख्याखालची जागा पाहुण्यांना सोडून दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

इतकं चांगलं माझ्याविषयी बोललं गेलं. मघाशी कुणीतरी कानात विचारलं, "सर, भरून आलं असंल नव्हं?" खरं सांगू? नाही आलं. गेली दीड-दोन वर्षं मला काही येतच नाही. हार घातला, खांद्याला ओला लागला, एवढं कळलं. तुमच्या प्रेमात काही उणं नाही. माझ्याच आत काहीतरी बधिर होऊन बसलंय.

या इस्लामपुरात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. आण्णांनी आग्रह धरलाय की निवृत्तीनंतरही तासिकेवर यावं. त्यांना मी नाही म्हणालो. का म्हणालो, ते त्यांना सांगितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. मोठ्यांचा शब्द मोडायचा तर निदान कारण तरी द्यावं.

आमचं घर कोरेगावचं. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ, आमचा सिद्धू, माझ्याहून पुष्कळ लहान. त्याला मीच खांद्यावर खेळवला. तो पलटणीत गेला. डोंगरात रस्ता काढताना सुरुंग वेळेआधी उडाला आणि दोन्ही डोळे गेले. घरी आला तेव्हा रडला नाही. दोर वळायला शिकला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा, चूल पेटवून द्यायचा, आणि माझी भावजय आम्रपाली उठली की म्हणायचा, "च्या ठेवलाय गं." आंधळ्या माणसाच्या हातचा चहा आमच्या गल्लीत नावाजलेला होता.

पण डोळे दुखायचे. दिसत काही नव्हतं, ठणका मात्र कायम. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हे डोळे आता त्रासापलीकडे काही देत नाहीत, काढून कृत्रिम बसवू. मीही म्हणालो, काढा. कोण नाही म्हणेल? ठणका गेला. सिद्धू गाढ झोपला. आम्हाला वाटलं, सुटला.

त्यानंतर महिन्याभरात घराची घडी विस्कटली. सिद्धूची झोप रोज थोडी पुढे सरकू लागली. सरकता सरकता अशी वेळ आली की अख्खं गाव कामाला लागलेलं असताना हा मेल्यासारखा पडलेला, आणि सगळे निजले की हा टक्क जागा. पुढे सरकत सरकत पुन्हा काही दिवस सुरळीत, की परत घसरण. गोळ्या दिल्या, गुण आला नाही. भावकीत बोलायला लागले, "पेन्शन खातोय आन् लोळतोय." आम्रपालीची आई तानुबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाहेरचं हाय काय तरी. एकदा दाखवून तरी आणा."

आता आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या उंबऱ्यात उतारा नाही, अंगात येणं नाही. पण नाही म्हणायचं, तर त्या बाईला दुसरं काय सांगायचं? आणि सिद्धूनं दोर वळणं सोडलं. बोलणं सोडलं. आम्रपाली त्याच्याबरोबर जागायची आणि दिवसा दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. तिचं तोंड बघवत नव्हतं. मी रविवारी जायचो, बसायचो, परत यायचो. बधिरपणा तेव्हाच लागला असावा.

आता थोडं शास्त्र, कारण वनस्पतिशास्त्राच्या माणसानं रोपाचं नाव न घेता निरोप घेणं बरं दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, आपण मोहरी अंधारात रुजवायचो. रोप लांबुडकं, फिकट, उजेड शोधत वर पळणारं. तीच मोहरी निळ्या जिलेटीनच्या कागदाखाली ठेवली, की खोड आखूड राहतं, पानं उघडतात. म्हणजे निळा उजेड रोपाला कळतो. कशानं कळतो? तो पकडणारं प्रथिन कितीतरी वर्षं सापडेना, म्हणून त्याला नावच पडलं क्रिप्टोक्रोम, लपलेला रंग. याच दशकात, त्र्याण्णव साली, ते सापडलं. ते प्रथिन बिघडलेलं रोप निळ्या उजेडातही अंधारात असल्यासारखं वाढत राहतं.

गेल्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसलो होतो. नव्या नियतकालिकात वाचलं, की याच कुळातली प्रथिनं फळमाशीत सापडली, उंदरात सापडली, माणसात सापडली. डोळ्याच्या पडद्यातही आहेत, आणि शरीरातलं दिवसरात्रीचं जे घड्याळ असतं त्याच्याशी त्यांचा संबंध आहे. ती उजेड पकडतात की घड्याळाचंच चाक आहेत, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. मी ते सोडवू शकत नाही. पण त्याच लेखात लिहिलं होतं, की दृष्टी गेलेल्या काही माणसांचेही डोळे शरीराला दिवस उगवल्याचं कळवत राहतात. आणि डोळेच नसले, तर ते घड्याळ आपल्या मर्जीनं सरकत जातं.

ते मासिक मिटलं आणि कोरेगावची एसटी धरली. वाटेत एकच विचार. सांगू का त्याला? ज्यांना आपण निकामी म्हणालो, ते डोळे काम करत होते, हे ऐकून त्याचं काय होईल? डॉक्टरांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. गेलेलं परत येणार नव्हतं.

सांगितलं. भर दुपारी, तो नुकताच उठून बसला होता. मोहरीपासून सुरू केलं, कारण मला दुसरीकडून सुरुवात येत नाही. तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता कोसळेल.

मग म्हणाला, "दादा, म्हंजे मी येडा न्हाई?"

"न्हाईस रं."

"आळशी बी न्हाई?"

"न्हाई."

"मग हे हिला सांग. तिच्या आईला सांग. मी सांगितलं तर कुनी ऐकायचं न्हाई."

मी आम्रपालीला हाक मारली. तिनं उभ्यानंच ऐकलं. म्हणाली, "आवं दादा, मला कवा वाटलं ते येडं हायती म्हणून? पर मला झोप पायजे हो. नुसती झोप."

उपाय विचाराल, तर माझ्यापाशी नाही. सिद्धूची झोप अजून सरकते. फक्त आता त्याला कुणी गदागदा हलवून उठवत नाही. तो जागा असेल तेव्हा दोर वळतो. तानुबाईंनी परवा शेजारणीला दटावलं, "त्येची सकाळ झाली न्हाई अजून, हळू बोल." माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातला सगळ्यात चांगला विद्यार्थी मी तानुबाईंना मानतो. हसा, हरकत नाही.

तेव्हा आण्णा, मी तासिकेवर येऊ शकणार नाही. तुमचा मान मोठा आहे. पण त्या घरात सिद्धूबरोबर जागणारं एकच माणूस आहे, आणि तिला झोपायचंय.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याचं ऋण शब्दांत मावत नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, घरचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर मांडून आपला वेळ घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता कोरेगावलाच राहायला निघालोय, म्हणून जेवणाला थांबत नाही, याचंही वाईट मानू नका. सध्या सिद्धूची सकाळ दिवेलागणीला होते. आज चहा मी ठेवणार आहे.