मी फक्त पाणी घातलं

...आणि आता ही जाळी! इतकी बारीक, की मुंगीनंसुद्धा अंग चोरून जावं. आणि कशासाठी, तर माझ्या नळीसाठी. माझ्या! जिनं उभ्या आळीला झाडं लावायला शिकवलं, तिच्यापासून एक झाड वाचवायला कुंपणाला जाळी! येणारे-जाणारे विचारतात, काय हो आजी, उंदीर झालेत का? आता काय सांगू त्यांना, की हो बाबा, एक म्हातारा उंदीर आहे, याच घरात राहतो आणि चष्मा लावतो? असं काय केलं हो मी? मी फक्त पाणी घातलं.

तुम्हाला सांगते, सगळा दोष त्या खिडकीचा. माझ्या ओट्यासमोर खिडकी, खिडकीसमोर कुंपण आणि कुंपणापलीकडे धाकटीचं अंगण. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले, मुलं लांब, उरलो आम्ही दोघी आणि मधलं कुंपण. तर तिच्या अंगणात, बरोब्बर माझ्या नजरेसमोर, लिंबोणी. मी भाजी चिरायला उभी राहिले की ती मान टाकून माझ्याकडे बघायची. उन्हातून घरी आलेल्या माणसाला कोणी पाणीसुद्धा विचारू नये, तशी.

शेवटी मी धाकटीला हटकलं. म्हटलं, अगं, झाड मरायला टाकलंस का? तर म्हणते कशी... आणि तिचा आवाज म्हणजे मागच्या बाकावरून आल्यासारखा... "जाऊबाई, ताण दिलाय तिला. पाणी तोडलंय. माती भेगाळू दे, थोडी पानं गळू देत, मग पोटभर पाणी द्यायचं, म्हणजे बहर फुटतो. आपली माती काळी, चिकण, एकदा भिजली की आठवडा आठवडा ओल सोडत नाही, म्हणून..." पुढचं मी ऐकलंच नाही. मला शिकवते? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले, फ्यूज बसवायला शिकले, दोन पोरांचं गणित घेतलं, आणि आजवर या तोंडातून 'माझं चुकलं' हे शब्द कोणाच्या कानावर गेलेले नाहीत. उपाशी ठेवून कोणी बाळसं धरतं का, तुम्हीच सांगा?

मग काय, दुपारी ती आडवी झाली की मी कुंपणातून नळी सारायची. आळ्यावर तिनं पालापाचोळा पसरलेला, तो बरा सापडला; नळीचं तोंड त्याच्या खाली. वरून सगळं कोरडं, कुरकुरीत, आणि खाली माझी चाललेली माया. चोरून कशाला, म्हणाल. अहो, चोरून कुठे, ती झोपलेली असायची, तिला उगाच कशाला उठवा? रोज घालायचे. आणि झाड? पिवळं पडायला लागलं. मी म्हटलं, बघा, तहान किती साठली होती! दुप्पट घातलं. खोडातून डिंक वाहायला लागला. मी म्हटलं, रडतंय बिचारं. आणखी घातलं. दुसरं काही नाही हो केलं, मी फक्त पाणी घातलं.

एक दिवस धाकटीनं पाचोळा बाजूला करून खुरपं घातलं, तर खुरपं मुठीपर्यंत आत आणि वर आला तो चिखल, वासासकट. ती खुरप्याकडे बघत राहिली आणि मी खिडकीत कोथिंबीर निवडत राहिले, जी आधीच निवडलेली होती. तिला वाटलं, जमिनीतला पाइप फुटला. प्लंबर आला. हा प्लंबर म्हणजे झाडाला खांब म्हणणारा माणूस, पण खणायला लागला की थांबत नाही. नळापासून लिंबोणीपर्यंत आणि लिंबोणीपासून खाली फाटकापर्यंत चर! अंगणाचे दोन तुकडे! आणि शेवटी घाम पुसत म्हणतो, "मावशी, पाइप ठणठणीत आहे. कोणीतरी पाणी घालतंय."

कोणीतरी! आता त्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मिळून माणसं किती? मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, आता हिची नजर वर येणार, खिडकीवर येणार. नाही आली. तिनं ओल्या हातांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मग मीच घालत असेन. घालते आणि विसरते."

सांगायला हवं होतं ना तिथल्या तिथे? तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं, तर "वय झालं, होतं असं." हो, मी म्हटलं असं. मीच! मी फक्त पाणी घातलं, असं आता कुठल्या तोंडानं म्हणू?

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट दोनदा बघायला लागली. गॅस दोनदा, कडी दोनदा. मला विचारायची, जाऊबाई, मी सकाळी जेवले ना? मग पुतण्याचा फोन... तो बोलतो म्हणजे ऑफिसातली बैठकच... "काकू, आईचं आता एकटीचं बरोबर नाही. मी रविवारी येतो, घर बंद करू, तिला इकडे आणतो." घर बंद! म्हणजे खिडकीसमोर कुलूप!

शनिवारी गेले. उभ्या उभ्याच म्हटलं, धाकटे, तू काही विसरत नाहीस. पाणी मी घालत होते. माझं चुकलं. तर ती हसली हो, आणि माझा हात धरून म्हणते, "मला बरं वाटावं म्हणून बोलताय. तुमचं कधी चुकलंय का जन्मात?" घ्या! आयुष्यभर जे ठोकून सांगितलं ते नेमकं त्याच दिवशी खरं मानायचं? खूप सांगितलं, ऐकेना. शेवटी तिला खुर्चीत बसवलं लिंबोणीसमोर, घरी आले, नळ सोडला, कुंपणातून नळी सारली, पाचोळ्याखाली घातली, आणि कुंपणाला तोंड लावून म्हटलं, असं. रोज. तू झोपलीस की.

ती उठली, पाचोळा बाजूला करून नळीचं तोंड बघितलं. मी कुंपणाला धरून उभी. मग म्हणाली, "नळ बंद करा. अजून चालूच आहे."

एवढंच. पुतण्याला तिनं फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्याशी मात्र कित्येक दिवस अबोला, आणि कुंपणाला ही जाळी. लिंबोणी वाचली, ती त्या चरातून ओल निघून गेली म्हणून. या वर्षी बहर नाही, पण पालवी आहे. श्रेय प्लंबरला! तो आता आळीभर झाडांवर सल्ले देत हिंडतो, मलाही देतो, आणि मी ऐकून घेते.

आणि धाकटी? ती पुन्हा बोलायला लागली, पण काय सांगू तुम्हाला... दूध उतू गेलं की हाक, "जाऊबाई, गॅस मोठा केलात का?" किल्ली सापडेना की हाक, "कुठे ठेवलीत?" काल चष्मा. शोध शोध शोधला आणि मग जाळीपाशी येऊन, "आणा इकडे." चष्मा तिच्या डोक्यावर. मला इथून दिसतोय. आता काय बोलणार? म्हटलं, मीच ठेवला बाई तिथे. डोक्यावर बघ.