शुक्रवारी उघडलेले शंकू

(कॅनडाच्या पश्चिमेकडचा एक डोंगरउतार. ट्रकच्या मागच्या फळीवर वनखात्यातली ईशानी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे, बिया धरणारे शंकू कापते आहे. झाडांवर चढून ते काढणाऱ्या टोळीचा मुकादम रोनाल्ड शेजारी उभा आहे.)

ईशानी : हाही रिकामा. दुसरा द्या.

रोनाल्ड : बाय, बारा झाले. तेरावा काय वेगळं सांगणाराय?

ईशानी : द्या ना, काका. उभा कापला की निदान आठ भरलेल्या बिया दिसायला हव्यात. इथं एक आहे. तीही किडकी.

रोनाल्ड : खवले बघ कसे फाकलेत. बिया गेल्या उडून. ऊन कसलं पडलं ह्या आठवड्यात. आमच्या वसईला मे महिन्यात पडतं तसं.

ईशानी : मागच्या उन्हाळ्यातल्या उकाड्यानंच तर कळ्या धरल्या होत्या. सहा वर्षांनी एवढा बहर. मी ऑफिसात फोटो दाखवत फिरले, बारशाचे पेढे वाटावेत तशी.

रोनाल्ड : आणि यंदाच्या उकाड्यानं शंकू दोन आठवडे आधीच पिकवले. झाडाचा काय दोष त्यात?

ईशानी : झाडाचा नाहीच. सोमवारी तुम्ही फोन केला होतात. शंकूंचा रंग बदलतोय, उद्याच चढू या, म्हणालात.

रोनाल्ड : म्हटलं असेन.

ईशानी : म्हटलंत. आणि मी म्हटलं, शुक्रवारी.

रोनाल्ड : तुझ्या लेकीला, ऊर्मीला ताप होता.

ईशानी : शंभर होता. फक्त शंभर, काका. तिचा बाबा, नंदन, घरीच होता. जा तू, मी बघतो, म्हणाला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, व्हायरल आहे. पण वणव्याच्या धुरानं तिला खोकला लागला होता, आणि मी नुसती तिच्या छातीवर हात ठेवून बसले.

रोनाल्ड : माझी ॲलिसन चालायला लागली तेव्हा मी कॅम्पवर होतो. बायकोनं फोनवर सांगितलं, ऐक, चालतेय. चालणं कधी ऐकू येतं का? बसलीस ते बरं केलंस.

ईशानी : खालचा अख्खा उतार जळलाय. तिथं लावायला याच डोंगरावरचं बी लागतं. पुढचा बहर कधी यायचा? तोवर हे वरचं रान तरी राहील का?

रोनाल्ड : उडालेल्यातल्या चार रुजतील खाली.

ईशानी : त्या काळ्या, तापलेल्या मातीत? तुम्हालाही माहितेय.

रोनाल्ड : माहितेय. बोलतो आपलं काहीतरी... रिपोर्टात धूर लिही. धुरामुळे रस्ता बंद होता म्हण. होताच की दोन दिवस.

ईशानी : बुधवारी आणि गुरुवारी. मंगळवारी उघडा होता.

रोनाल्ड : कोण विचारतंय?

ईशानी : ऊर्मी विचारेल. मोठी झाली की. इथं झाडं का नाहीत, म्हणून.

रोनाल्ड : मग सांग तिला.

ईशानी : काय सांगू? तुला ताप होता, असं? चार वर्षांची आहे हो ती.

रोनाल्ड : तिचं नाव नको घेऊस. माझं घे. म्हण, रोनाल्ड नावाचा एक म्हातारा होता. त्याला रंग कळला होता. पण त्यानं एकदाच फोन केला.

ईशानी : तुम्ही का नाही केलात परत?

रोनाल्ड : पाठीमागे तिचा खोकला ऐकू येत होता, बाय.